जावा ॲप्लिकेशनमध्ये लीफलेटचा नकाशा: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर चालणाऱ्या आमच्या ॲप्लिकेशनमध्ये लीफलेटचा नकाशा गेले काही महिने रोजच्या वापरात आहे. त्यामागे पोस्टजीआयएसचा (भौगोलिक माहिती साठवणारा) डेटाबेस आणि मधे हायबरनेट स्पेशियल (जावा कोड आणि डेटाबेस यांना जोडणारी लायब्ररी) अशी रचना आहे. लीफलेट ही २०११ मध्ये आलेली जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी पानावर नकाशा इतक्या सहज उभा करते की काम तिथेच संपले असे वाटावे. मात्र नकाशा वापरताना हलका राहील की अडखळेल, हे सर्व्हरवरचा जावा कोड ठरवतो, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या बाजूविषयी आहे.

सर्वाधिक फरक पडला तो दिसणाऱ्या भागापुरतीच माहिती मागवल्याने. वापरकर्त्याने नकाशा सरकवून सोडला की लीफलेट ‘मूव्हएंड’ हा इव्हेंट देते. त्या वेळच्या चारही सीमा सर्व्हरकडे पाठवायच्या, पोस्टजीआयएसमध्ये त्यांचा आयत करायचा आणि त्यात बसणारे बिंदूच परत द्यायचे. संबंधित कॉलमवर जिस्ट इंडेक्स (भौगोलिक शोध जलद करणारी सूची) असेल, तर मोठ्या टेबलवरही ही क्वेरी चटकन उत्तर देते. नसेल, तर नकाशा सरकवावा तितक्या वेळा सगळे टेबल चाळले जाते. नकाशा १८० रेखांशापलीकडे ओढला गेल्यास लीफलेट १८० पेक्षा मोठे आकडेही पाठवते, तेव्हा सीमांची तपासणी सर्व्हरवर हवीच.

आकड्यांच्या क्रमाला मी सर्वांत जास्त जपतो. लीफलेट अक्षांश आधी घेते, तर जिओजेसन या भौगोलिक माहितीच्या जेसन स्वरूपाचे २०१६ चे प्रमाण आणि जेटीएस ही जावाची भूमिती लायब्ररी या दोहोंत रेखांश आधी येतो. पॅरिसचे ४८.८६ अक्षांश आणि २.३५ रेखांश उलटे गेले, तर मार्कर सोमालियालगतच्या हिंदी महासागरात उमटतो, आणि दोन्ही आकडे वैध असल्यामुळे लॉगमध्ये एका ओळीचीही नोंद होत नाही. त्यामुळे बिंदू तयार करण्याचे काम आम्ही एकाच क्लासकडे ठेवले आहे आणि ४३२६ हा एसआरआयडीही (अक्षांश-रेखांश पद्धतीचा ओळखक्रमांक) तिथेच लावला जातो. जवळची ठिकाणे शोधायची असतील, तर पोस्टजीआयएसचा जिओग्राफी हा प्रकार वापरावा. ४३२६ मधल्या जिओमेट्रीवर अंतर मीटरमध्ये न येता अंशांत येते.

जेटीएसचा ऑब्जेक्ट तसाच जॅक्सन या जेसन तयार करणाऱ्या लायब्ररीकडे सोपवू नये. त्याची ‘गेटएन्व्हलप’ मेथड पुन्हा जिओमेट्रीच परत करते, त्यामुळे जेसन तयार करताना ते चक्र संपतच नाही. मोजक्या फील्डचा स्वतंत्र डीटीओ (फक्त माहिती वाहून नेणारा ऑब्जेक्ट) हा उपाय आम्हाला पुरेसा ठरला, आणि त्याने प्रतिसादाचा आकारही घटला.

पॉपअपबाबत सावध राहावे: ‘बाइंडपॉपअप’ला दिलेली स्ट्रिंग एचटीएमएल म्हणून वाचली जाते, म्हणून वापरकर्त्याने भरलेले नाव एस्केप केल्याशिवाय (त्यातली एचटीएमएलची चिन्हे निष्प्रभ केल्याशिवाय) तिथे जाता कामा नये. पार्श्वभूमीच्या टाइल्सचा (नकाशाच्या चौकोनी चित्र-तुकड्यांचा) विचारही आधीच व्हायला हवा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशा प्रकल्पाचे टाइल सर्व्हर देणगीच्या साधनांवर चालतात, आणि टाइल्स मोठ्या प्रमाणात उतरवून ठेवण्यास त्यांच्या नियमांत मनाई आहे. श्रेयनिर्देश नकाशावर दिसलाच पाहिजे, आणि वर्दळ मोठी असेल तर टाइल्सची सोय स्वतंत्रपणे करावी.

हजारो मार्कर एकाच वेळी दाखवायचे असतील, तर मार्करक्लस्टर हे जवळचे मार्कर एका गटात दाखवणारे प्लगइन चांगले काम देते. नकाशा फिरवणे, तिरपा करणे किंवा व्हेक्टर टाइल्स (चित्राऐवजी रेषा-आकारांची माहिती देणाऱ्या टाइल्स) ही मूळ गरज असेल, तर सुरुवातीपासूनच मॅपलिब्रे ही दुसरी नकाशा लायब्ररी घ्यावी. बिंदू, सीमारेषा आणि पॉपअप एवढ्यावर भागत असेल, तर मी आजही लीफलेटच निवडेन.