जुन्या रॅलेचे सुटे भाग: लुधियाना, जुना बाजार की इंग्लंड?

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या इंग्लिश रॅले सायकलीच्या चेनव्हीलमध्ये, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्यांची तोंडं दिसली की माणूस विरघळतो आणि लगेच सुट्या भागांच्या मागे लागतो. भाग मिळायची ठिकाणं तीन. कोपऱ्यावरच्या दुकानात लुधियानाचा नवा माल, जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे दुसऱ्या सायकलीवरून उतरवलेला माल, आणि इंग्लंडहून टपालाने मागवलेला. यातलं एकच धरून बसलात तर खिसा तरी रिकामा होतो, नाहीतर सायकल तरी बिघडते. माझा हिशेब भागागणिक बदलतो: झिजणारं नवं घ्यावं, आट्यांचं (स्क्रूसारखं फिरवून बसवायचं) मूळचंच शोधावं, आणि परदेशी पार्सल फक्त गिअरच्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी, मागवावं.

टायरच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इंग्लिश रोडस्टरचं चाक २८ × १½, म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला आजही हेच चाक असतं, त्यामुळे टायर, ट्यूब, रिमपट्टी गल्लीतल्या दुकानात मिळते. हौशी लोक मात्र ‘२८ इंची’ एवढंच वाचून ऑनलाइन टायर मागवतात आणि घरी ६२२चा येतो. १३ मिलिमीटरचा फरक आहे, तो काही केल्या चढत नाही. टायरच्या बाजूला ४०-६३५ असा आकडा असेल तरच पैसे द्या. लेडीज किंवा स्पोर्ट्स मॉडेलचं चाक बहुधा २६ × १⅜, म्हणजे ५९०. तेही इथे मिळतं.

रॉड ब्रेकचे (केबलऐवजी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे) रबर, चेन (अर्धा इंच × ⅛), छर्रे, स्पोक, व्हॉल्व्ह ट्यूब यांच्यासाठीही लुधियानाच बरं. ब्रेकचे रबर तर जुने घेऊच नयेत. वर्षानुवर्षं पडून दगड झालेले असतात, रिमवर नुसते घासतात, थांबवत नाहीत. रिम बदलायची असेल तर आधी भोकं मोजा. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. हल्लीची ३६ भोकांची रिम जुन्या हबवर बसवायचा आग्रह दुकानदार करील. त्याच्याकडे जे आहे ते तो विकणारच. रॉड ब्रेक असेल तर रिमचा आकारही तोच हवा, कारण रबर रिमच्या कडेला नाही, आतल्या बाजूने टेकतो.

इथवर लुधियाना जिंकतं. मग येतो बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची (पेडलच्या दांड्यांची) आस फिरते ती नळी, आणि तिथे स्वस्त माल सायकलीचा जीव घेतो.

नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने स्वतःचे आटे ठेवले होते: इंचाला २६. बाकी जगात सर्वसाधारण माप इंचाला २४. व्यास जवळजवळ सारखाच, त्यामुळे २४ आट्यांचा नवा कप (छर्रे बसतात ती वाटी) रॅलेच्या नळीत तोंडाशी गोडीगुलाबीने शिरतो. दोन फेरे फिरतो, मग घट्ट होतो. इथे मेकॅनिक म्हणतो, “गंज असेल,” आणि मोठा पाना काढतो. माझ्या पहिल्या सायकलीवर तो पाना मीच काढला होता. कप बसला, पण फ्रेमचे आटे चेपले आणि पुढे मूळचा कपही त्यात धरेना. रॅलेची ही नळीही ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद असते, नेहमीची ६८. म्हणजे आटे जुळले असते तरी नव्या आसेची लांबी जुळली नसती.

म्हणून इथे मूळचे कप जपायचे. बहुतेक वेळा ते खराब नसतातच, छर्रे गेलेले असतात. दोन्ही बाजूंना पाव इंचाचे अकरा-अकरा नवे छर्रे, भरपूर ग्रीस, आणि काम झालं. कपात खरोखर खड्डे पडले असतील तर जुन्या बाजाराला पर्याय नाही. चिमट्याच्या वरच्या नळीवरचे आटेही असेच २६चे असतात, तेव्हा हॅन्डलखालचे कप घेतानाही हीच काळजी.

जुन्या बाजारात सुटा भाग शोधण्यापेक्षा मोडकी पण अख्खी सायकल घ्यावी, असं माझं मत आहे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, सुटा कप कुठल्या सायकलीचा हे विक्रेताही सांगू शकत नाही. सायकल अख्खी असेल तर चेनव्हील बोलतं. बगळे म्हणजे रॅले, उघडा पंजा म्हणजे रज, हातात हात घालून पळणारी माणसं म्हणजे हंबर. हंबर रॅलेने १९३२मध्ये घेतली आणि रज १९४३मध्ये, त्यामुळे नॉटिंगहॅममध्ये बनलेल्या या सायकलींचे भाग रॅलेला चालण्याची शक्यता चांगली. बीएसए, फिलिप्स, हर्क्युलिस दिसायला सख्ख्या बहिणी, पण आट्यांच्या बाबतीत त्यांना गृहीत धरू नका. आटे मोजायची पट्टी स्वस्त मिळते, ती खिशात असू द्या.

कॉटर पिनचं, म्हणजे क्रँक आसेवर पक्का धरणाऱ्या खिळीचं, प्रकरण मधलं आहे. नवी सहज मिळते, पण बऱ्याच पिना मऊ पोलादाच्या असतात आणि आठवड्यात क्रँक खडखडायला लागतो. इंग्लिश क्रँकला साडेनऊ मिलिमीटरची लागते, फ्रेंच सायकलीला नऊची. तरी मी नवीच घेतो, एकदम चार-सहा, आणि उतार कानशीने जुळवून बसवतो. ठोकताना क्रँकखाली पाइपचा तुकडा उभा धरायचा, नाहीतर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो. पाच-सहा किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळायचा. परदेशातून कॉटर मागवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तेवढ्या टपालखर्चात इथे मूठभर पिना येतात.

परदेशी पार्सलाला अर्थ आहे तो स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबसाठी. इथे अशा हबचा घोडा (हॅन्डलवरचा गिअर बदलायचा खटका), हबमध्ये जाणारी बारीक साखळी हरवलेली असते, आणि कुणीतरी “गिअर गेलाय” म्हणून हबच काढून साधं फ्रीव्हील लावून दिलेलं असतं. पार्सल मागवण्याआधी एक करा: तेलाच्या टोपीतून रॉकेल सोडा, चाक फिरवत राहा, निथळू द्या, मग पातळ तेल घाला. वाळलेल्या तेलाने चिकटलेले कितीतरी हब एवढ्यावर जिवंत होतात. तरीही दातरा किंवा स्प्रिंग लागलीच तर हबवर कोरलेलं वर्ष पाहून जुनाच भाग मागवा. २००० साली ही कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली. आता बनणाऱ्या हबमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली मोकळी फट (जिथे पेडल नुसतंच फिरतं) काढून टाकली आहे, त्यामुळे आतले सगळे भाग जुन्यात बसत नाहीत. गिअरची केबल आणि घोडा मात्र नवा चालतो.

ब्रुक्स कंपनीची नवी चामडी सीट घ्यायचा मोह आवरा. चामडं फाटलं नसेल, नुसतं झोळ पडलं असेल, तर पुढचा नट थोडा आवळून आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडून चांभाराकडून दोरीने ओढून घेतलं तर ते अजून बरीच वर्षं चालेल. फाटलंच असेल आणि सायकल रोज चालवायची असेल, तर साधी स्प्रिंगची देशी सीट टाका आणि जुनी जपून ठेवा.

लेथवर भाग करून घेणं हा शेवटचा मार्ग. आस किंवा बुश चांगला होतो. कपाचे २६ आटे कापायला कारागीर पक्का लागतो आणि छर्रे फिरतात तो पृष्ठभाग कडकही करावा लागतो. तो कडक झाला नाही तर कप लवकरच खड्डे धरतो.

नुसती दिवाणखान्यात उभी करणार असाल तर वरचं बरंचसं विसरा; चेनव्हील, हॅन्डल, बॅज मूळचे ठेवा आणि बाकी काय वाटेल ते लावा. फक्त निकेलवाल्याकडे चेनव्हील देऊ नका. त्याच्या पॉलिशच्या चाकावर बगळ्यांच्या चोची पहिल्या जातात.