‘ताकदीचं औषध’ विकणाऱ्यांनी आमच्या घराला कसं लुटलं

बेळगावच्या बसस्टँडवर, मोठ्या दवाखान्याच्या गेटाबाहेर किंवा हायवेवरच्या चहाच्या टपरीवर एखादा इस्त्रीच्या शर्टातला माणूस आपणहून जवळ आला आणि “दादा, राग मानू नका, पण तुमची चाल बघून विचारतो, माझ्या वडिलांनाही हाच त्रास होता” असं म्हणाला, तर तिथून उठून चालू लागा. आमच्या घरात चोर शिरला तो याच वाक्याने. हे मी माझ्या नवऱ्याला विचारून लिहितेय. यांनी वाचलंय आणि “नाव तेवढं घालू नको, बाकी सगळं घाल” म्हणालेत.

आम्ही निपाणीचे. हे तंबाखूच्या वखारीत हिशोबाला असतात, वय पन्नाशीला टेकलेलं. वर्षभरापासून आमच्यात शरीरसंबंध जवळजवळ बंद होते. लिंगाला ताठरता येत नव्हती, आली तर टिकत नव्हती. शब्द मुद्दाम सरळ वापरतेय, कारण सगळे आडून बोलतात त्यावरच या लोकांचं पोट भरतं. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं की हे गप्प बसायचे. निपाणीत दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस ओळखीचाच निघतो, ती धास्ती मलाही कळत होती.

जमिनीच्या उताऱ्याच्या कामासाठी हे बेळगावला गेले होते. दिवसभर कानडी कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेल्या माणसाशी संध्याकाळी स्टँडवर कुणी आपल्या भाषेत, आपल्याच वळणाने बोललं की जीव हलका होतो. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. चहा झाला, गावं निघाली, “आमची आत्या संकेश्वरला दिली आहे” इथपर्यंत ओळख गेली. मग वडिलांना बरं करणाऱ्या वैद्याचा पत्ता.

दुकान गल्लीत आत होतं. धन्वंतरीचा फोटो, उदबत्ती, ओळीने मांडलेल्या बरण्या. वैद्याने नाडी धरली आणि विचारलं, “तरुणपणी हाताने काही चुका केल्या होत्या?” या प्रश्नावर कुठला पुरुष नाही म्हणेल? खाली गेलेली मान वर यायच्या आत तो चिठ्ठी लिहायला लागतो. पुढे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की हस्तमैथुनाने नसा कमजोर होत नाहीत. पण ती लाज मनात घातली की माणूस भाव विचारायचा राहून जातो.

चिठ्ठीत वर अश्वगंधा, सफेद मुसळी, कौंचबी, गोखरू. ही सगळी स्वस्तातली, कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी. शेवटच्या ओळीत एक भस्म. आता नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. स्वस्त वस्तू आधी तोलल्या आणि समोरच मिक्सरला लावून पूड केली. मग छोट्या डबीतलं भस्म सोनाराच्या काट्यावर घेतलं. कागदावर नुसता आकडा लिहिलेला होता. यांना वाटलं तोळ्याचा भाव असेल. “वैद्यांनी लिहिलंय तेवढं घालतो” म्हणत त्याने ते पुडीत ओतलं, ढवळलं आणि मग बिल केलं. तो आकडा एका ग्रॅमचा होता. चौऱ्याऐंशी हजार रुपये. “मिसळलेलं परत घेता येत नाही दादा, याचं आता मी काय करू?” एक पोरगा एटीएमपर्यंत सोबत आला. उरलेले पैसे यूपीआयने, दुकानाच्या नव्हे तर कुणाच्या तरी खासगी खात्यावर. पावतीवर ‘हर्बल पावडर’ एवढंच. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पुडीसोबत त्यांनी काही कॅप्सूल दिल्या होत्या, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, कसलंही लेबल नसलेल्या. “गरज असेल तेव्हा तासभर आधी घ्या.” आणि गुण आला. त्याच रात्री आला. मग यांचा विश्वास बसला तो बसलाच. पुढची पार्सलं कुरिअरने येत राहिली. फोनवर सांगायचे, “कोर्स अर्धवट सोडलात तर नसा कायमच्या जातील.” सौहार्द सोसायटीत लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडली गेली. पासबुकावरून मला कळलं आणि मी त्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचा म्हणतो, “वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर न्यायची आहे का तुम्हाला?”

त्याच महिन्यांत यांना रात्री लघवीला वारंवार उठावं लागत होतं. तळपायांची आग व्हायची, तहान भागत नव्हती. हे त्यांनी वैद्याच्या कानावर घातलं. उत्तर आलं, “औषध उष्ण आहे, शरीरातली घाण निघतेय, चांगली खूण आहे.” या उत्तराबद्दल मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही. चौऱ्याऐंशी हजारांपेक्षा ही लूट मोठी होती.

मग जोतिबाला गेलो होतो. पायऱ्या चढताना यांची छाती दाटून आली, दरदरून घाम, डाव्या जबड्यापर्यंत कळ. कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली आणि देण्याआधी विचारलं, “गेल्या दोन दिवसांत लैंगिक ताकदीची कुठली गोळी घेतलीत का?” भाचा उभा, नर्स उभी. यांनी भिंतीकडे मान वळवली. मी म्हणाले, “घेतलीय. काल रात्री.” मेडिकलवाल्याला दाखवायची म्हणून ती पिशवी माझ्या पर्समध्येच होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी हातातली गोळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि वेगळे उपचार सुरू केले.

कारण नंतर सांगितलं. जिभेखाली ठेवायची ती सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरता आणणारं औषध, एकत्र झालं तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतलं असेल तर नायट्रेट निदान २४ तास देत नाहीत, त्याच जातीचं टाडालाफिल असेल तर ४८ तास. आणि ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हीच औषधं गुपचूप मिसळलेली सापडतात, तीही मात्रेचा काही धरबंद नसताना. “तासाभरात गुण येतो तो मुसळीचा नसतो, ताई,” डॉक्टर म्हणाले. लेबल नसेल तर किती तास थांबायचं हेही डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

हृदयाच्या धमनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, ९.८ निघालं, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे साखर कधीपासून वाढलेली होती देव जाणे.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून जे समजावलं, ते आमच्या भागातल्या प्रत्येक घरात पोचावं असं मला फार वाटतं. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन ते चार. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या सगळ्याच धमन्यांचं आतलं अस्तर खराब करतात. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यानेच नळी सैल होऊन रक्त वाहतं. तो कमी पडला की बारीक नळीत आधी जाणवतं. शेतात ठिबकची बारीक नळी आधी चोंदते आणि मेन लाइनचं नंतर लक्षात येतं, तसंच. म्हणून बऱ्याच पुरुषांत हा त्रास छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होतो. मधुमेह असणाऱ्यांत तर तो इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं लवकर येतो, कारण साखर नसाही खाते. सगळ्यांचं कारण हेच नसतं. ताण, नैराश्य, हार्मोन, रक्तदाबाची काही औषधंही कारण असू शकतात. डॉक्टरांनी यांना विचारलं, पहाटे झोपेत आपोआप ताठरता येते का? येत असेल तर बहुधा मनाचा भाग असतो, येत नसेल तर रक्तवाहिन्या आणि नसांकडे बघायचं. एवढा साधा प्रश्न त्या वैद्याने विचारला नव्हता.

यांच्या शरीराने वर्षभर आधी नोटीस पाठवली होती. या टोळीने ती दाबून ठेवायचे पैसे आमच्याकडून घेतले.

तक्रारीचं सांगते. आमच्या इथल्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार बेळगावात झाला, तिकडे जा. फोन नंबर मात्र महाराष्ट्रातला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचे आपण म्हणजे या टोळीला सोयीचे, दोन्हीकडून टोलवता येतात. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते म्हटल्यावर नोंद झाली. दुकानाला तोवर कुलूप लागलं होतं. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की खातं रिकामं होतं. आणखी एक, एसटीत आणि भिंतींवर ज्या ‘मर्दानी ताकद’वाल्या जाहिराती दिसतात, त्या १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मुळातच गुन्हा आहेत. लैंगिक क्षमता, मधुमेह, हृदयरोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही, पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे आता रोज सकाळी चालतात, तंबाखूचा बार बंद आहे, कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणायची म्हणून रात्रीचा भात कमी केलाय. हृदय स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी नायट्रेट चालू नाही याची खात्री करून रीतसर चिठ्ठीवर साधी जेनेरिक गोळी लिहून दिली. तिची किंमत आणि त्या कॅप्सूलची किंमत शेजारी ठेवून बघितली तेव्हा मला रडू आलं.

तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल तर आधी उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. गावात लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावात जा. कुणी आधीच असलं काही घेत असेल तर पुडी, पिशवी, पावती फेकू नका, आणि छातीत दुखलं तर कॅज्युअल्टीत पाऊल टाकल्या टाकल्या ते डॉक्टरांना सांगा. तो सांगत नसेल तर बायकांनो, तुम्ही सांगा.