पथनाट्य घ्यायचं की बचत गटात जाऊन बसायचं?

एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाची किंवा लसीची चाचणी काय असते, त्यात जायचं की नाही, हे लोकांनी समजून ठरवावं म्हणून गावात आधी काय करावं, असं बरेच जण विचारतात. यवतमाळकडच्या गावांत मी दोन्ही करून पाहिलंय.

गर्दीचं म्हणाल तर पथनाट्याला तोड नाही, डफडं वाजलं की अख्खं गाव पारावर. बचत गटाचं तसं नाही, कापूस वेचणीत बाया दिवस बुडेपर्यंत वावरातच, मग स्वयंपाक, आठ-दहा जणी जमल्या तरी खूप झालं. (माणसांसाठी पानठेल्यामागे बसावं लागतं, ते वेगळंच.)

पण नाटकाला गोड शेवट लागतो, अन् लोक "लस आली म्हणते बाप्पा" करत घरी जातात. दक्षिण आफ्रिकेतली एक मोठी लस-चाचणी २०२० मध्ये थांबवली कारण लस कामच करत नव्हती, आणि २०२४ मध्ये तिथल्या अन् युगांडातल्या बायका-मुलींच्या चाचणीत लेनाकॅपाविर या एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाच्या, सहा महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या गटात एकीलाही लागण झाली नाही. हे दोन्ही सांगितलं तरच चाचणी म्हणजे काय ते कळतं, आणि ते डायलॉगमध्ये बसत नाही.

माझं डोकं मात्र वेगळ्याच गोष्टीनं फिरायचं. नाटक संपल्यावर माईकवरून "काही शंका?" म्हटलं की सगळे चूप, आणि एखाद्यानं विचारलंच तर मागून आवाज येतो, "याले काऊन एवढी पडली बे?" झालं, त्याच्याकडे पाहायची नजरच बदलते, त्यापायी कामाचा प्रश्न कोणी तोंडावर आणतच नाही. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं, पण एचआयव्हीच्या औषधाला नुसता आवाज, चेहरा नाही, असं औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांतही आहे. आपण मात्र माणसाला पारावर उभं करतो.

बचत गटाच्या बैठकीत तूर निवडता निवडता एक बाई म्हणाली, "लस घेतली अन् मंग दवाखान्यात रक्त तपासलं, तं पॉझिटिव्ह निघन का?" प्रश्न एकदम बरोबर. काही लसींनी लागण नसतानाही साधी अँटिबॉडी टेस्ट (रक्तातली प्रतिद्रव्यं पाहणारी) पॉझिटिव्ह येऊ शकते, मग वेगळी टेस्ट करावी लागते, म्हणजे ती कुठे होणार, किती वर्षं, पैसे कोण देणार, हे सही करायच्या आधीच विचारायला पाहिजे. चाचणीत खरं औषध कोणाला अन् नुसतं दिसायला तसंच कोणाला जाईल ते कसं ठरतं, हेही तिथेच चिठ्ठ्या टाकून दाखवता येतं, मग "समजलं का" न म्हणता त्यांनाच सांगायला लावायचं.

गाव मोठं अन् दिवस एकच असेल तर नाटक घ्या बुवा, माझी ना नाही, पण माईकवर शंका मागू नका आणि बचत गटाची वेळ ठरवूनच गाव सोडा.