बाहेरच्या केबलला पाइप कोणता: पीव्हीसी (प्लॅस्टिक) की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड)?
मीटरपासून पंपापर्यंत भिंतीवरून उघडी गेलेली केबल झाकायची, तर कोकणात मी पीव्हीसीच घेईन. खारी हवा जीआयला आधी कापलेल्या टोकांशी आणि आट्यांपाशी गंजवते. शिवाय लोखंडी पाइपाला अर्थिंग हवंच. नाहीतर आत वायर सोलली की अख्खा पाइप शॉक देणार. पीव्हीसीला ती भानगड नाही. पण उन्हाशी त्याचं वाकडं: आधी पांढरट पडतो, मग सॅडलपाशी (पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्टीपाशी) तडकतो. म्हणून हेवी गेजचाच, म्हणजे जाड घ्या, वरून रंगाचा हात मारा. जमिनीलगत, जिथे फावडं लागतं, गुरं अंग घासतात, उंदीर पोचतात, तिथे मात्र जीआयला पर्याय नाही. आणि पाइप कुठलाही असो, वरचं तोंड बेंड लावून खाली वळवा. नाहीतर पागोळ्यांचं पाणी थेट स्विचबॉक्सात उतरतं.