डिजिकॅम: फोटोंचा पसारा आवरतो, डाउनलोड्सचा नाही

तारकर्लीतला होमस्टे असो की रत्नागिरीतलं चार माणसांचं घर, कॉम्प्युटर भरण्याची कारणं तीच. व्हॉट्सॲपवरून उतरलेले फोटो, मोबाइल बदलताना अख्खा ओतलेला कॅमेऱ्याच्या फोटोंचा डीसीआयएम फोल्डर आणि डाउनलोड्समध्ये साचलेल्या पीडीएफ. पहिल्या दोन रोगांवर डिजिकॅम हे चांगलं औषध आहे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या समूहाचा, फोटो लावून ठेवणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. मुख्य म्हणजे तो फोटो स्वतःच्या पोटात ओढून घेत नाही. त्यातला ‘अल्बम’ म्हणजे डिस्कवरचा साधा फोल्डर. उद्या प्रोग्रॅम काढून टाकला तरी फोटो जिथल्या तिथे.

पहिल्यांदा उघडताना तो फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेसची, म्हणजे फोटोंबद्दलच्या त्याच्या नोंदवहीची, जागा विचारतो. डेटाबेसचा प्रकार एसक्यूलाइटच ठेवा आणि तो कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर तिच्यावर. पुढे चेहरे ओळखण्यासाठीच्या काहीशे एमबीच्या फायली उतरवायच्या का, असा प्रश्न येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तूर्त नको म्हणा. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर ती सेटिंग्जमध्ये ‘रिमूव्हेबल मीडिया’खाली जोडा. साध्या कलेक्शनमध्ये जोडली आणि ड्राइव्हचं अक्षर ‘ई’चं ‘एफ’ झालं, की सगळे अल्बम गायब दिसू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेटिंग्जमधल्या ‘मेटाडेटा’ पानावर टॅग (फोटोला लावलेली ओळखीची चिठ्ठी), मथळे आणि तारांकन फायलीत लिहिण्याच्या खुणा चालू आहेत ना, ते काम सुरू करण्याआधी बघा. नसतील तर ‘आजोळ’, ‘पालखी’, ‘आंब्याची कलमं’ असे हौसेनं लावलेले टॅग फक्त डेटाबेसमध्ये राहतात. तो गेला की मेहनत गेली. खुणा चालू असल्या की तेच टॅग जेपीजी फायलीबरोबर जातात, विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्येही दिसतात. देवनागरी टॅगला काही अडचण नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आला की त्यातली मूळ तारीख पुसलेली असते. मग डिजिकॅम फायलीची तारीख धरतो आणि शिमग्याचे फोटो जूनमध्ये जाऊन बसतात. पण अँड्रॉइड मोबाइलवरच्या व्हॉट्सॲप फायलीच्या नावातच वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे असतात. असे फोटो निवडून ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ उघडा आणि तारखेचा स्रोत म्हणून फायलीचं नाव निवडा, की सगळे एकदम जागेवर येतात. ही तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

फोल्डर नुसते महिन्यावर लावू नका. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. वर्षाचा फोल्डर, त्यात प्रसंगाचा, आणि सगळ्यांना ‘गणपती’ हा टॅग, म्हणजे सगळ्या वर्षांचे बाप्पा एका क्लिकवर.

सारखे फोटो शोधण्याची सोय झकास आहे, पण तिथेच लोक फसतात. ती फायलीतला मजकूर नाही, चित्राचं रूप जुळवते. त्यामुळे मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲपवरची दाबलेली प्रत एकत्र सापडते, ही मोठीच सोय. पण भरभर काढलेले समुद्राचे दहा वेगळे फोटोही त्याच यादीत येतात. १०० टक्के दिसलं तरी दोन्ही फायली एकच आहेत असं समजू नका. आकार आणि रिझोल्यूशन बघून मोठी ठेवा. एवढं करून पुसलं तरी डिस्क रिकामी होत नाही, कारण डिजिकॅमची स्वतःची कचराकुंडी त्याच ड्राइव्हवर असते. अल्बमच्या यादीतल्या ‘ट्रॅश’मध्ये जाऊन ती वेगळी रिकामी करावी लागते.

पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. एकाच ड्राइव्हवर फोल्डर हलवला तर फक्त पत्ता बदलतो, क्षणात होतं. दुसऱ्या ड्राइव्हवर मात्र आधी कॉपी, मग पुसणं, आणि मध्येच लाइट गेली की निम्मं इकडे, निम्मं तिकडे. म्हणून कॉपी करा, फायलींचा आकडा ताडून बघा, मगच जुनं पुसा. हजारो फोटोंना एकदम टॅग लिहायचे असतील तर इन्व्हर्टर हवाच.

उणिवा? बटणांची गर्दी फार, नवखा माणूस गांगरतो. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर चेहरे शोधणं बंदच ठेवा.

पीडीएफकडे तर तो ढुंकूनही बघत नाही. डाउनलोड्ससाठी सारख्या फायली शोधणारा डुपगुरू घ्या, हाही फुकट. ‘स्टँडर्ड’ मोडमध्ये ‘कंटेंट्स’ निवडलं की तो नाव नाही, मजकूर ताडतो. ते गरजेचं आहे, कारण नावापुढे ‘(१)’ लागलेली फाइल दुसरी प्रतच असेल असं नाही. फेरफार झाल्यावर उतरवलेला नवा सातबाराही असू शकतो. आणि हो, विंडोज फायलीच्या नावात तिरकी रेघ घेत नाही, म्हणून ‘७/१२’ नको, ‘सातबारा’ लिहा आणि पुढे गट नंबर. तारीख इंग्रजी आकड्यांत, वर्ष आधी, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

बॅकअपची डिस्क त्याच घरात ठेवण्यात अर्थ नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं कपाट आणि टेबल दोन्ही बुडाली. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर एक डिस्क मुंबईला धाडावी, पुढच्या वर्षी बदलून घ्यावी. तिच्यावर फोटोंबरोबर डिजिकॅमच्या डेटाबेसच्या फायलीही घ्या, पण प्रोग्रॅम पूर्ण बंद करून. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते.