'दहा कोंबड्यांचं' खुराडं, चौदा महिने वापरून

सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्यामुळे घरात कुठलीही लोखंडी वस्तू आली की माझा हात आधी मोजपट्टीकडे जातो. हे खुराडं आलं तेव्हाही तेच झालं. खोक्यावर लिहिलेलं, 'दहा कोंबड्यांसाठी'. वरचा मजला मोजला तर चार फूट बाय दोन फूट, म्हणजे आठ चौरस फूट. मोठ्या कोंबडीला आत निदान दोन चौरस फूट जागा धरतात. हिशेब सरळ आहे, हे चार कोंबड्यांचं घर. दहा मावतात, नाही असं नाही. सोमवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये माणसं मावतात तशा.

किंमत ११,८०० रुपये, घरपोच आणायचे वर ९००. ऑनलाइन मागवलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण हेच खुराडं पाच-सहा नावांनी विकलं जातं आणि फोटो सगळ्यांचा एकच आहे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आलं. स्क्वेअर पाइपचा सांगाडा, वर पत्रा, बाजूंना जाळी, खाली विष्ठेचा ट्रे, पुढे अंड्यांची पन्हळ आणि चार चाकं. यादीत सहा एमएमचे ३२ बोल्ट, पुडीत निघाले २७. फोन केला तर म्हणे, "वाटेत पडले असतील काका." सीलबंद पुडीतून बोल्ट वाटेत पडतात हे मला नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. उरलेले पाच माझ्या डब्यात सापडले. ज्यांच्या घरी असला डबा नाही त्यांनी आधी बोल्ट मोजावेत, मग जोडायला बसावं.

आमचं मखमलाबादला रो हाउस आहे, मागे बारा बाय वीसचं अंगण. त्यात सौ.चे मेथी-पालकाचे वाफे, एक शेवगा, कढीपत्ता, नळाजवळ अळू. कोंबड्या सहा घेतल्या, चार ग्रामप्रिया आणि दोन गावठी. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात, तपकिरी अंडी देते. कोंबडा ठेवला नाही. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना पटवण्यात माझा एक महिना गेला. पहाटे आरवणं नाही म्हटल्यावर मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. अंडी घालायच्या खणाचा तळ पुढच्या अंगाला उतरता आहे. कोन मोजायचा बेव्हल लावून पाहिला, आठ अंश. कोंबडी उठली की अंडं आपसूक घरंगळतं आणि फटीतून बाहेरच्या पन्हळीत येऊन थांबतं. तिची चोच लागत नाही, विष्ठा लागत नाही, दार न उघडता अंडं हातात येतं. अंडं काही गोटीसारखं सरळ येत नाही, एका टोकाला निमुळतं असल्यामुळे वळण घेत येतं आणि म्हणून सावकाश येतं. ज्यानं हा उतार ठरवला त्यानं नक्की अंडी घरंगळवून पाहिली असणार. थोडा सपाट असता तर अंडं मधेच अडलं असतं, थोडा जास्त असता तर कोंबडी तिथं बसायला तयार झाली नसती. एकच राहिलं, पन्हळीची कड उघड्या पत्र्याची आहे. पहिल्या आठवड्यात तीन अंड्यांना तडे गेले. मग सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर चढवली, त्यानंतर आजतागायत एक फुटलेलं नाही. सकाळी साडेनवाच्या सुमारास मी मागच्या पायरीवर दुसरा चहा घेऊन बसलेला असतो. आधी ट्यूबवर बारीक 'टप्' होतं, मग आतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा गलका. नात सुट्टीत आली की टप् ऐकूनच पळते.

या खणाची एक गंमत. दोन गावठींपैकी एक भाद्रपदात खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली. अंडी तर सगळी घरंगळून माझ्या टोपलीत, खाली काही नाही, तरी ही बया रिकाम्या पत्र्यावर पिसं फुगवून बसून. हात घातला की टोचायची. आठ अंशांचा उतारही तिला उठवू शकला नाही.

आता जाळी. तीन बाजूंना षटकोनी भोकांची जाळी आहे, दुकानात जिला चिकन मेश म्हणतात ती. नावावर जाऊ नका. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. तार बारीक, पिळून विणलेली. एक पीळ उसवला की शेजारचा ढिला होतो. पक्कड न घेता, नुसत्या बोटांनी मला भोक मोठं करता आलं. हे मी पहिल्याच दिवशी करून पाहिलं होतं आणि तरी जाळी बदलली नाही. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हटलं. विकणाऱ्यानं हलकी जाळी लावली हे खरं, पण ओळखून सोडून दिली ती मी.

आषाढातली पावसाची रात्र होती. दोनच्या सुमारास काहीतरी वाजलं, पण पत्र्यावर पाऊसही वाजत होता, मी कूस बदलली. सकाळी मागच्या कोपऱ्यात मूठभर भोक. चार ग्रामप्रियांपैकी एक, कवडी, दांडीखाली पडलेली, मान नव्हती. बाकीच्या पाच समोरच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर. पुढे अकरा दिवस कोणी अंडं दिलं नाही आणि तांबडी तर तीन दिवस खाली उतरली नाही, तिला दाणे वर नेऊन दिले. शेजारच्या काकूंच्या मते बोका. समोरच्या आजोबांच्या मते उदमांजर, त्यांनी ते भिंतीवरून जाताना पाहिलंय. मुंगूस नसणार, तो दिवसाचा चोर. बिबट्याचं नावही निघालं, नाशकात कोंबडी गेली की ते निघतंच. पण मूठभर भोकातून बिबट्या येत नाही.

त्याच दुपारी अंबडच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेलो आणि अर्धा इंची वेल्डमेश आणली. चौकोनी भोकं, प्रत्येक सांध्यावर वेल्डिंग, भोकातून मांजराचा पंजा जात नाही. तारेनं न बांधता पट्टी आणि बोल्ट लावून सांगाड्यावर आवळली. शिवाय खुराड्याभोवती फूटभर रुंद जाळी जमिनीखाली आडवी पुरली, बाहेरच्या अंगाला पसरून. घूस नेहमी भिंतीला अगदी लागून उकरते. जाळी लागली की फूटभर मागे सरकून पुन्हा सुरुवात करावी हे तिच्या डोक्यात येत नाही. दाराची फिरती कडी काढून टॉवर बोल्ट लावला, त्यात स्प्रिंगचा हूक. जाळी, मजुरी, टेम्पो मिळून ३,४०० रुपये गेले. म्हणजे खुराड्याची खरी किंमत ११,८०० नाही, १६,१०० आहे, आणि एक कोंबडी.

झोपायची दांडी पाऊण इंची गोल पाइप. कोंबडी झोपताना पायांवर बसते आणि बोटं पिसांखाली झाकून घेते. बारीक पाइपला बोटं विळखा घालतात आणि खालून उघडी राहतात, वर ते लोखंड. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरणं नवीन नाही. मी दोन इंच रुंद सागाची पट्टी टाकली, कडा रंधून गोल केल्या. दांडीची लांबी चार फूट आणि एका कोंबडीला आठ इंच लागतात. करा भागाकार, सहा. दहाचा आकडा इथंही बसत नाही.

वरचा पत्रा एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत बसते. ते बघवत नाही. दिंडोरीच्या मेहुण्यानं जुनी द्राक्षबाग काढली होती, मांडवाचे चार अँगल घेऊन आलो आणि पत्र्याच्या फूटभर वर ग्रीननेट ताणली. नेट पत्र्यावर टेकवायची नाही, मधून वारा खेळला पाहिजे.

चाकांबद्दल दोन वाक्यं पुरेत. काळ्या मातीत पहिल्या पावसात चारही चाकं रुतली. आता खाली शहाबादी फरशा आहेत आणि चाकं नुसती दाखवायला.

विष्ठेच्या ट्रेला दिवाळीपर्यंत गंज चढला. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो जस्ताचा पातळ मुलामा खातो. आता ट्रेमध्ये घोटीच्या भातगिरणीवरून आणलेला तूस तीन बोटं जाड पसरतो, ओल तोच पितो, वासही जातो. आठवड्याला तो तूस खड्ड्यात. तीन महिने तरी कुजू द्यायचा. सौ.नं घाईनं ताजाच मेथीला घातला तेव्हा अख्खा वाफा करपला. कोंबडीखत उष्ण असतं हे माझ्या आईला माहीत होतं, आम्ही दोघं पुस्तकं वाचलेले.

मोठी तक्रार अजून एक आहे, आणि ती विकत घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. दार बाजूला, बारा इंच बाय चौदा. माझा हात खांद्यापर्यंत घातला तरी पलीकडचा कोपरा एक वीत राहतो. एरवी चालतं, पण मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची असते तेव्हा एकेक कोंबडी हातात यावी लागते. लसीच्या लहानात लहान कुपीतही बहुधा शंभर डोस असतात आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या भागातली तीन घरं मिळून एकच कुपी आणतात, बर्फाच्या डब्यातून. दुसऱ्या घरचे लोक दारात ताटकळलेले, कुपी बर्फात, घड्याळ पुढे चाललंय आणि मी गुडघ्यांवर बसून तांबडीशी लपाछपी खेळतोय, असा माझा फोटो मुलीकडे आहे. शेवटी रात्री, त्या दांडीवर झोपल्यावर धरायच्या असं ठरलं. अंधारात कोंबडी शहाणी होते.

हिशेब विचारतात म्हणून सांगतो. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, त्यात आमच्याकडे भाजीची देठं, मक्याचा भरडा आणि शिंपल्यांचा चुरा जातो. कवडी गेल्यावर उरलेल्या तीन ग्रामप्रियांनी ऑक्टोबरमध्ये ६८ अंडी दिली, डिसेंबरमध्ये ४३. हा दोष खुराड्याचा नाही, दिवस लहान होतो त्याचा. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. बल्ब लावायचा सल्ला मिळाला, मी लावला नाही. त्यांनाही जरा सुट्टी. श्रावणात उलटी अडचण, घरात कोणी अंडं खात नाही आणि कोंबड्यांना कॅलेंडर कळत नाही. तेव्हा काकूंच्या जिममध्ये जाणाऱ्या मुलाची चैन होते. खुराड्याचे पैसे अजून फिटलेले नाहीत आणि इतक्यात फिटतील असं वाटत नाही.

पाचपैकी तीन तारे देतो, त्यातले दोन एकट्या त्या पन्हळीचे. चार कोंबड्या ठेवणार असाल, जाळी आणल्या दिवशीच बदलणार असाल आणि पाना-पक्कड हाताळता येत असेल तर घ्या. नसेल, तर तेवढ्याच पैशांत फॅब्रिकेटर तुमच्या मापाचं करून देतो. फक्त त्याला दार पुढच्या बाजूनं, पूर्ण रुंदीचं सांगा आणि खणाच्या तळाला आठ अंश. तो हसेल, हसू द्या.

काढलेली षटकोनी जाळी वाया गेली नाही. सौ.नं ती मेथीच्या वाफ्यावर कमानीसारखी वाकवून टाकली आहे. तिथं चोख काम करते. तांबडी रोज एकदा येऊन चोच लावून बघते आणि परत फिरते.