सेन्सर लावावा की बोट टोचावं?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापराची पुरणपोळी आणि आमरस ताटात आला की शुगरवाल्याला एकच आकडा हवा असतो. तो ग्लुकोमीटर देतो, तोही स्वस्तात. पट्टी साधारण वीस रुपयांची. रोज दोनदा तपासलं तरी महिन्याचे हजार-बाराशे. दंडाला चिकटवायचा, दिवसरात्र साखर मोजत राहणारा सेन्सर बहुतेक १४ दिवस चालतो आणि एकेक साडेचार-पाच हजारांच्या घरात जातो. महिन्याला दोन लागतात.

पैशांत मीटर सरळ जिंकतं. पण मीटरवर १४० आले, तर ते चढताना की उतरताना? सेन्सर बाणासकट दाखवतो. भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्यावर साखर कुठवर गेली, वर दोन केळी खाल्ली तर कुठवर, सगळं आलेखात उघडं पडतं. जेवणानंतर दोन तासांनी टोचलं तर मधली उसळी निसटलेली असते.

इन्सुलिन घेणाऱ्याची खरी भीती रात्रीची. झोपेत साखर ७० च्या खाली गेली की गजर वाजतो. सगळ्या सेन्सरांत ही सोय नसते, घेण्याआधी विचारा.

तरी मीटर घरात लागतंच. सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलात तर उगाच लो, म्हणजे साखर कमी, दाखवतो. घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि स्क्रीनवर सगळं ठीक? बोट टोचा.

नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी फसवी येऊ शकते, बऱ्याचदा असायला हवी त्याहून कमी. अशा रुग्णाचा रिपोर्ट चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. सेन्सर त्या तपासणीसारखा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून नसतो. डॉक्टरांशी बोलून पैसे इथे घालावेत.

इन्सुलिन दिवसातून तीन-चार वेळा घेत असाल, वारंवार लो होत असेल, तर झेपेल तसा सेन्सर घ्या. नुसत्या गोळ्यांवर असाल तर कायमचा नको. वर्षातून एक-दोनदा लावा, तेही नेहमीचं जेवण जेवत. सेन्सर आहे म्हणून पथ्य पाळलंत तर पैसे वाया. एरवी मीटर पुरे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घामाने सेन्सर सुटतो, वरून चिकटपट्टी लावा. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीवर बहुधा ३० अंशांची मर्यादा असते. ती गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.